व्हिटबीला मला माझी कथा कशी मिळाली

जूनमध्ये संपादकांचा मेसेज आला, यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय समुद्र, ऑगस्टअखेर कथा द्या. मी लीड्सला राहते, इथून समुद्र दीड-दोन तासांवर, पण माहेर दापोलीकडचं, त्यामुळे लगेच हो म्हटलं. डोक्यात एक बाई होती, बोटीवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघणारी. पण तेवढंच. ती कुठली, कुठल्या काळातली, घरात आणखी कोण, काहीच ठरत नव्हतं, रोज रात्री लेक झोपल्यावर लॅपटॉप उघडायचे आणि ती बाई आपली दारात उभी, समुद्राकडे तोंड करून, पुढे एक पाऊल टाकायला तयार नाही.

जुलैच्या शेवटी इकडे शाळांना सुट्टी लागते. नवरा म्हणाला, "अगं, समुद्रावर लिहायचंय ना, मग समुद्रावरच जाऊ की." स्पेनचे भाव बघून झाले होते, मग व्हिटबी ठरलं. नॉर्थ यॉर्कशायरचं जुनं बंदर, मधून एस्क नदी समुद्राला मिळते, नदीच्या दोन्ही बाजूंना उंच कडे, एका कड्यावर मोडकी ॲबी, म्हणजे जुना मठ, आणि दुसऱ्यावर जुन्या काळातली हॉटेलं नि बोर्डिंग हाऊसेस. मला तिथे जायचं होतं त्याला दुसरंही कारण होतं आणि ते म्हणजे ड्रॅक्युला लिहिणारा ब्रॅम स्टोकर.

ड्रॅक्युला सगळ्यांना माहिती असतो पण तो एका समुद्रकिनाऱ्यावरच्या सुट्टीत आकाराला आला हे फार जणांना माहिती नसतं. स्टोकर लंडनच्या लायसियम थिएटरचा मॅनेजर, हेन्री आयर्विंग या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या नटाचा पूर्ण व्याप सांभाळायचा. १८९० च्या जुलैअखेर तो व्हिटबीला आला, रॉयल क्रेसेंटमध्ये ६ नंबरच्या घरात उतरला, बायको आणि मुलगा नंतर यायचे होते, त्यामुळे पहिले काही दिवस एकटाच भटकत होता. आता मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट सांगते. तो रिकाम्या डोक्यानं आला नव्हता. रक्त पिणाऱ्या सरदाराची कल्पना मार्चपासून त्याच्या टिपणांत होती, फक्त त्या सरदाराचं नाव होतं काउंट वॅम्पायर आणि राहायला होता ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात. व्हिटबीच्या बंदरावरच्या लायब्ररीत त्याला विल्यम विल्किन्सनचं पूर्व युरोपातल्या वालाखिया आणि मोल्डावियावरचं १८२० सालचं पुस्तक मिळालं आणि त्यात ड्रॅक्युला हे नाव. कोस्टगार्डच्या माणसाशी गप्पा मारताना कळलं की १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये नार्व्हाहून वाळू भरून निघालेलं दिमित्री नावाचं रशियन जहाज वादळात इथेच टेट हिल सँड्सवर येऊन रुतलं होतं, कादंबरीत त्या जहाजाचं डिमीटर झालं आणि बंदराचं वार्ना. चर्चच्या आवारातल्या थडग्यांवरची नावं त्याने वहीत उतरवून घेतली, त्यातलंच स्वेल्स हे नाव एका म्हाताऱ्या खलाशाला दिलं. तिथल्या बोलीतले शब्द, हवा कशी होती, सगळं टिपलं. ती टिपणं अजून आहेत, फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख म्युझियममध्ये, शंभरावर पानं. आणि पुस्तक कधी आलं तर १८९७ मध्ये, सात वर्षांनी!

मला सात वर्षं नव्हती, पण त्याची पद्धत घेता येत होती. मग मी ठरवलं की व्हिटबीला असेपर्यंत कथेचं एक वाक्य लिहायचं नाही. लॅपटॉप घरीच. एक साधी वही, पेन, आणि जे दिसेल, कानावर पडेल, नाकाला लागेल ते लिहायचं, तारीख आणि वेळ टाकून, आणि याचा माझ्या कथेला उपयोग काय हा प्रश्न विचारायचा नाही. फोटोसुद्धा शक्यतो नाही, कारण फोटो काढला की मी नीट बघतच नाही, नंतर बघू म्हणून पुढे जाते. लिहायचं म्हटलं की थांबावं लागतं.

आम्ही पूर्वेकडच्या जुन्या भागात एक छोटं कॉटेज घेतलं होतं. जवळच हेन्रिएटा स्ट्रीट, तिथे फॉर्च्युन्स म्हणून १८७२ पासूनचं घरगुती धुरीघर आहे, हेरिंग मासे उभे चिरून लाकडाच्या धुरात टांगतात, त्याचे किपर्स होतात. सकाळी दार उघडलं की तो धूर आणि माशाचा मिळून वास, आणि मला सरळ हर्णैचं बंदर आठवलं, तिथला वास वेगळा, उन्हातल्या सुकटाचा, पण पोटात जे काही हललं ते तेच. वहीतलं पहिलं पान त्या वासाचं आहे.

मी रोज सहाच्या सुमारास उठून एकटी बाहेर पडायचे, हे दोघं झोपलेले असायचे. चर्चकडे जायला १९९ पायऱ्या आहेत, दगडी, मधे मधे रुंद होत जाणाऱ्या. त्या पायऱ्यांवर थोड्या थोड्या अंतरावर सपाट लाकडी बाकं आहेत. दम लागला म्हणून मी एकावर बसले तर खालून कुत्रा घेऊन आलेले एक आजोबा म्हणाले की ही बाकं जिवंत माणसांसाठी नव्हतीच, शवपेटी खांद्यावरून वर न्यायची तेव्हा ती टेकवायला केलेली आहेत. मी उठलेच आधी. मग परत बसले. आपल्याकडेही विसावा असतोच की, स्मशानाच्या वाटेवर तिरडी खाली ठेवतात, खांदे बदलतात. आमच्या गावी त्या जागेवर एक दगड आहे आणि लहानपणी त्याच्यावर बसलं की ओरडा खायला लागायचा. हे सगळं वहीत गेलं. कशाला ते माहिती नव्हतं.

वर सेंट मेरीज चर्च आणि त्याच्या भोवती थडगी, कड्याच्या टोकापर्यंत. दगड वाळूचा, त्याला खारा वारा लागून लागून अक्षरं झिजून गेलेली, काही दगड तर मधाच्या पोळ्यासारखे भोकाभोकांचे झालेत. वाचता येतील त्यांवर खलाशी, जहाजांचे कप्तान, व्हेल मारायला ग्रीनलंडला जाणारे. आणि पुन्हा पुन्हा एकच, समुद्रात बुडाला. म्हणजे दगड इथे, नाव इथे, आणि खाली कोणी नाही. स्टोकरच्या त्या म्हाताऱ्या खलाशाचा सगळा राग याच गोष्टीवर आहे, की इथली निम्मी थडगी रिकामी आहेत. वाचलं होतं तेव्हा ते गमतीशीर वाटलं होतं. तिथे उभं राहून, समोर नॉर्थ सी राखाडी पसरलेला असताना, अजिबात तसं वाटलं नाही. मला वाटलं निदान यांच्या बायकांना एक दगड तरी मिळाला, फुलं ठेवायला जागा मिळाली. आमच्याकडच्यांना काय मिळालं असेल? हा प्रश्न मी लिहिला आणि त्याच्याखाली रेघ मारली. (तो कडाही ढासळतोय, २०१३ च्या सुरुवातीला मोठ्या पावसानंतर दरड कोसळली तेव्हा जुन्या कबरीतली हाडं उघडी पडली होती.)

दिवसा आम्ही सुट्टीला आलेलं कुटुंब जे करतं तेच करायचो. फिश अँड चिप्स, सीगलपासून चिप्स वाचवणं, पश्चिमेच्या कड्यावरची व्हेलच्या हाडांची कमान, कॅप्टन कुकचा पुतळा, तो इथेच १७४६ मध्ये जहाजावरचं काम शिकायला लागला होता. रॉबिन हूड्स बेला गेलो तेव्हा ओहोटीची वेळ बघून खडकांवर उतरलो आणि लेकीला एक अमोनाईट सापडला, म्हणजे वेटोळ्या शंखाचा जीवाश्म, नाण्याएवढा, वेटोळं एकदम स्पष्ट. व्हिटबीकडचे हे अमोनाईट साधारण १८ कोटी वर्षांपूर्वीचे. इकडची गोष्ट अशी की सेंट हिल्डानं इथले सगळे साप दगडाचे करून टाकले, जुन्या काळी विकणारे त्यावर सापाचं डोकं कोरून द्यायचे, शास्त्रज्ञांनीही एका जातीला तिच्यावरून हिल्डोसेरास नाव दिलंय आणि गावाच्या चिन्हावर तीन अमोनाईट आहेत. मी तो हातात घेतला आणि माझ्या आजीच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम आठवला, तो फुटून आतलं चक्र दिसायचं. शाळिग्राम म्हणजे गंडकीतले अमोनाईटच. इथे शाप दिलेला साप आणि आमच्या घरी विष्णू, तुळशीच्या लग्नातला नवरदेव. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली मग याला पण आंघोळ घालायची का. घातली. बेसिनमध्ये, तिच्या टूथब्रशनं.

या सगळ्यात जेट राहिलं. व्हिटबीचं जेट म्हणजे काळा, हलका दगड, खरंतर दगड नाहीच, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं लाकूड, मंकी पझलच्या जातीच्या झाडांचं, चिखलात गाडलं जाऊन झालेलं. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट गेला, व्हिक्टोरिया राणीनं काळे कपडे घातले ते कायमचेच, आणि दरबारात दुखवट्याच्या काळात दागिना घालायचा तर तो जेटचा. राणी घालते म्हटल्यावर सगळ्या इंग्लंडच्या विधवांना ते हवं झालं आणि १८७० च्या आसपास या एवढ्याशा गावात हजाराहून जास्त माणसं हेच काम करत होती. आजही काही वर्कशॉप्स आहेत. चर्च स्ट्रीटच्या बाजूला एका दुकानात मी शिरले, नवरा आणि लेक बाहेर आइस्क्रीम खात उभे होते. आत एक बाई, साठीच्या पुढच्या, चाकावर मणी घासत होत्या. खरं जेट कसं ओळखायचं ते त्यांनी मला हौसेनं दाखवलं, बिनचकाकीच्या चिनी मातीच्या तुकड्यावर घासलं की तपकिरी रेघ उमटते. हातात घेतलं की हलकं आणि गार लागत नाही. काळी काच मात्र जड आणि गार, स्वस्तातलं म्हणून तिचेही दुखवट्याचे दागिने बनायचे, त्याला फ्रेंच जेट म्हणायचे.

मग त्यांची नजर माझ्या गळ्याकडे गेली. मी रोज छोटं मंगळसूत्र घालते, दोन वाट्या आणि काळे मणी, एवढंच. त्यांनी अगदी हळू विचारलं, ही जुनी आहे का, कुणासाठी घालतेस. मी म्हटलं, नवऱ्यासाठी. त्या चाक बंद करून उठल्याच. "ओह, आय ॲम सो सॉरी, लव्ह," म्हणाल्या आणि माझ्या हातावर हात ठेवला.

मला एक क्षण काही कळेना. मग मी दाराबाहेर बोट दाखवलं आणि म्हटलं तो बघा, तो तिथे आहे. त्यांना मी नीट समजावून सांगितलं की आमच्याकडे हे नवरा आहे तोपर्यंत घालतात, गेला की काढतात. काढतात म्हणजे, त्यांनी विचारलं, लगेच? मी म्हटलं, हो, त्याच दिवशी. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, आमच्याकडे त्याच दिवशी घालायचे. आणि मग त्यांनी विचारलं, आणि तो समुद्रावरून आलाच नाही तर? कुठला दिवस धरायचा?

मी त्या दुकानातून बाहेर आले आणि स्विंग ब्रिजपर्यंत कोणाशी बोलले नाही. मला माझी बाई दिसली होती. ती दारातून हलत का नव्हती ते कळलं. तिला गळ्यातली काळी पोत काढायची की ठेवायची हेच ठरवता येत नव्हतं, आणि ते ठरवता येत नाही हीच कथा आहे, वाट बघणं नाही. वाट बघण्यावर हजार कथा आहेत. पण गावात हळदीकुंकू आहे, अशा बाईला बोलवायचं की नाही? ती सवाष्ण का विधवा? कोण सांगणार?

रात्री दापोलीला आत्याला फोन केला, म्हणजे तिकडे पहाट होती पण ती चारलाच उठते. "आत्या, बोटीवर गेलेला माणूस परत नाही आला तर काय करायचे गं आपल्याकडे?" आत्यानं का विचारतेस वगैरे काही केलं नाही. म्हणाली, "अगो, बारा वर्षं थांबायचं. बारा वर्षं झाली की पालाशविधी. पळसाच्या पानांचा देह करायचा नि त्याला अग्नी द्यायचा. मग पुढचं." आणि मग स्वतःहूनच सांगायला लागली, तिच्या आजोळच्या वाडीत एक म्हातारी होती, तिचा नवरा पहिल्या लढाईत बोटीवर गेला तो गेलाच, बारा वर्षं झाली, भटजी आले, सगळी तयारी झाली, आणि ती म्हणाली मी पोत काढणार नाही. काढली नाही. ऐंशीची होऊन गेली तेव्हाही गळ्यात होती. "मग लोक काय म्हणायचे?" तर आत्या म्हणाली, "लोक काय म्हणणार, बोलवायचे नाहीत. पण आमची आई तिला बोलवायची."

मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं, आत्याच्या शब्दांत. वहीतली रेघ मारलेली जागा उघडली, आमच्याकडच्यांना काय मिळालं असेल, आणि त्याच्यासमोर लिहिलं, पळसाची पानं.

तरी कथेचं वाक्य लिहायचं नाही हे मी पाळलं, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. त्या दिवशी सी फ्रेट आला. उन्हाळ्यात गरम हवा थंड नॉर्थ सीवरून सरकली की समुद्रावरून धुकं आत येतं त्याला इकडे फ्रेट म्हणतात, सकाळी निळं आकाश होतं आणि जेवायच्या सुमारास समोरचा कडा, बंदर, धक्का सगळं पुसलं गेलेलं. नवरा लेकीला घेऊन पॅनेट पार्कच्या म्युझियममध्ये गेला आणि मी पायऱ्या चढून चर्चमध्ये. आत लाकडी कप्प्यांसारखी बाकं आहेत, प्रत्येकाला दार, पूर्वी घराण्यांनी आपापली ठरवलेली असायची. आणि काही कप्प्यांवर लिहिलंय, फॉर स्ट्रेंजर्स ओन्ली. फक्त परक्यांसाठी. मी त्यातल्याच एकात जाऊन दार ओढून बसले, कुठेतरी मागे कोणी पर्यटक कुजबुजत होते, बाहेर काहीच दिसत नव्हतं, आणि मी लिहायला लागले. पहिलं वाक्य आलं ते असं: "भागीच्या गळ्यात पोत होती म्हणून तिला बोलावलं आणि तिचा नवरा नव्हता म्हणून तिला ओटीच्या कडेला बसवलं." ते वाक्य शेवटपर्यंत बदललं नाही. अर्धी वही तिथे भरली. चर्च बंद करायला आले तेव्हा हात दुखत होता.

ॲबीबद्दल सांगायलाच हवं, कारण सुचतं कसं यावरचीच दुसरी एक फार जुनी गोष्ट तिथली आहे. ६५७ मध्ये हिल्डानं तिथे मठ काढला. त्या मठात केडमन नावाचा एक गुराखी होता, त्याला गाता यायचं नाही, जेवणानंतर वीणेसारखं वाद्य हातोहात फिरायला लागलं की तो आपली पाळी यायच्या आत उठून गोठ्यात जायचा. एका रात्री स्वप्नात कोणीतरी येऊन म्हणालं, गा. आणि त्याला गाणं आलं. नावानिशी माहिती असलेला इंग्लिशमधला पहिला कवी तो. लोकांना ही गोष्ट फार आवडते कारण यात सगळं एका रात्रीत होतं. पण बीड नावाच्या साधूनं ७३१ च्या सुमारास हे लिहून ठेवलंय त्यात पुढचंही आहे, की नंतर मठातले लोक केडमनला धर्मग्रंथातल्या गोष्टी वाचून दाखवायचे आणि तो जनावर रवंथ करतं तसं त्या मनात घोळवून घोळवून त्यांची कवनं करायचा. मला तो रवंथच जास्त खरा वाटतो. स्वप्न पडलं असेलही, पण त्या आधी किती वर्षं तो गोठ्यात बसून आतलं गाणं ऐकत असेल, आपल्याला येत नाही म्हणत.

लीड्सला परत आल्यावर खरं काम सुरू झालं. वही टाईप केली, सगळी, कथेशी संबंध नसलेलंसुद्धा. मग साल पक्कं केलं, १९१७, जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या तो काळ. रत्नागिरी जिल्ह्यातले कितीतरी जण तेव्हा बोटींवर होते, कोकणी मुसलमान घरांतून तर पिढ्यान्‌पिढ्या जायचे. मुंबईत मस्जिद बंदरजवळ इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रातच राहिलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे, मी मुंबईत इतकी वर्षं काढली, लोकलनं मस्जिदवरून रोज गेले आणि मला हे माहितीच नव्हतं, वाचून फार वाईट वाटलं. भागीला ते माहिती असणं शक्यच नव्हतं. तिच्यापर्यंत आलं ते फक्त एक पत्र आणि नवऱ्याच्या राहिलेल्या पगाराची मनीऑर्डर.

कथेत व्हिटबी कुठेच नाही. एकदाही नाव येत नाही, इंग्लंडही नाही. पण पायऱ्यांवरचं बाक विसाव्याचा दगड होऊन आलंय, भागी त्याच्यावर मुद्दाम जाऊन बसते आणि कोणी तिला ओरडत नाही. परक्यांचा तो कप्पा ओटीची कड झाला. फ्रेटही आहे, पण कोकणात असं धुकं येत नाही म्हणून त्याचा मृगाचा पाऊस केला, समोरचं दिसेनासं करणारा. सासू रोज शाळिग्रामाला आंघोळ घालते आणि भागीला एक दिवस त्याला हात लावू देत नाही. आणि मणी. खऱ्या जेटला ऊब असते आणि काचेला गारवा, हे त्या बाईंनी माझ्या तळहातावर ठेवून दाखवलं होतं, त्यावरून भागीला पहाटे गळ्यातले मणी गार लागतात आणि दिवसभरात तिच्याच अंगानं गरम होतात हे मला सुचलं. ते मी घरात बसून कधीच लिहू शकले नसते.

कथा वेळेत गेली. संपादकांनी एकच बदल सुचवला, शेवटी पालाशविधी होतो की नाही ते मी स्पष्ट लिहिलं होतं, ते म्हणाले तयारी झालीय आणि भटजी आलेत इथेच थांबा. मी त्यावर भांडले. भागी नाही म्हणते हे वाचकाला ऐकू यायलाच हवं, त्या खऱ्या म्हातारीनं ते चारचौघांत मोठ्यानं म्हटलं होतं आणि आत्याच्या आईनं नंतर तिला हळदीकुंकवाला बोलावलं होतं, ते मी गाळणार नव्हते. दोन दिवस मेसेज चालले आणि मग त्यांनी मानलं.

वहीत अजून पुष्कळ उरलंय. म्युझियममध्ये नवऱ्यानं आणि लेकीनं बघितलेलं आणि नंतर मला ओढत नेऊन दाखवलेलं जळवांचं यंत्र आहे, डॉक्टर मेरीवेदरनी १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात मांडलेल्या यंत्राची प्रतिकृती, बारा बाटल्यांत बारा जळवा, वादळ यायच्या आधी त्या वर चढतात आणि घंटा वाजते. लेकीच्या मते ही पुढची कथा आहे आणि त्यातल्या एका जळूचं नाव तिनं ठरवूनही ठेवलंय. मला मात्र रोहिला हवंय, १९१४ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिटबीजवळच्या खडकावर आपटलेलं हॉस्पिटल जहाज, ऐंशीहून जास्त माणसं गेली, किनाऱ्यावरून लोकांना ते दिसत होतं आणि लाटांमुळे कितीतरी वेळ बोटी पोचू शकत नव्हत्या. त्याबद्दल फक्त दोन ओळी लिहून झाल्यात. हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या मधल्या सुट्टीत, परत जातोय, ऑक्टोबरातच, आणि यावेळी मी लाइफबोट म्युझियमपासून सुरुवात करणार आहे.